तणनाशक: मुलांना लेबल वाचायला शिकवू या

आपण तणनाशकालाही सरसकट 'औषध'च म्हणतो. लहान मूल त्यातून काय समजेल? विज्ञानाच्या तासाला डबा आणू नका, लेबलचा फोटो पुरे. त्यावरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे!

ग्लायफोसेट हिरव्या पानांतून मुळापर्यंत जातं, म्हणून हरळीवर चालतं. पण ते मातीला चिकटतं. गढूळ पाण्यात कालवलं की जोर जातो. टू-फोर-डी वाऱ्यानं शेजारच्या कपाशीवर गेलं तर पानं आकसून बोटांसारखी होतात. म्हणून वारा पडल्यावर, नोझल खाली धरून फवारायचं. हातमोजे, मास्क हवेतच. पंपही वेगळा, नुसतं विसळून भागत नाही.

सगळ्यात भीती पॅराक्वाटची. घोटभर पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो, आणि त्यावर उतारा नाही. तरी उरलेलं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून गोठ्यात ठेवणारी घरं आहेतच. पालकांनो, उरलेलं मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. चुकून कुणी प्यायलंच, तर डब्यासकट दवाखाना गाठा.