हायब्रीड टी गुलाबाचा व्यवसाय : कॅलेंडर उलटं वाचायला शिका



गुलाबाची छाटणी कशी करायची ते व्हिडिओत पाहिलंत. या लेखात त्यामागचं व्यवसायाचं गणित पाहूया. उदाहरण भातसानगर परिसराचं घेतलंय, पण शहापूर-मुरबाडच्या बहुतेक गावांना ते लागू पडेल.

बरेच जण सुरुवात रोपांपासून करतात. नर्सरीत जातात, छान फुललेलं झाड दिसतं, पाचशे रोपांची ऑर्डर देऊन मोकळे होतात. आपण उलटं जायचं. आधी विक्रीचा दिवस, मग छाटणीचा दिवस, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी रोपं.

हायब्रीड टी म्हणजे नेमकं काय?

लांब दांडा आणि त्यावर एकच मोठी, टोकदार कळी. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेलं 'ला फ्रान्स' हे या प्रकारातलं पहिलं फूल मानतात. आपल्याकडे उघड्या शेतात घेतलं जाणारं 'ग्लॅडिएटर' याच गटातलं. हार ओवायला सुट्टी, भरपूर फुलं लागतात, तिथे हा गुलाब परवडत नाही. हा नगावर आणि बंचवर विकायचा माल आहे.

पायरी १ : गिऱ्हाईक ठरवा

तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधल्या ६० सेंटिमीटर दांड्याशी तुम्ही उघड्या शेतातून स्पर्धा करू नका. तुमची ताकद वेगळी आहे. आटगाव किंवा आसनगावहून पहाटेची लोकल पकडली की कल्याण आणि दादरचा फूलबाजार गाठता येतो. मुरबाडकरांना रस्त्याने कल्याण. म्हणजे पहाटे तोडलेलं फूल त्याच सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात. शिवाय आपल्या भागात फार्महाऊस आणि हॉलवर लग्नं होतात. तिथल्या डेकोरेशनवाल्याला ताजा, जवळचा माल हवाच असतो.

पायरी २ : विक्रीच्या दिवसावरून छाटणी काढा

छाटणीपासून फूल तोडणीला येईपर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. थंडी, जात आणि झाडाचं वय यानुसार थोडं मागेपुढे होतं. आता उलटं मोजा.

- तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि मार्गशीर्षातले गुरुवार धरायचे असतील, तर १० ऑक्टोबरनंतर, पाऊस थांबल्याची खात्री करून छाटणी. पहिली फुलं नोव्हेंबर संपता संपता येतील.
- ७ फेब्रुवारीचा रोझ डे आणि १४ फेब्रुवारीचा व्हॅलेंटाइन डे धरायचा असेल, तर डिसेंबरच्या १५ ते २५ तारखांच्या दरम्यान फांद्या मागे घ्यायच्या. २० डिसेंबरला कापलेली फांदी ५० दिवसांनी, म्हणजे ८ फेब्रुवारीला फूल देते.

झाड दोनदा छाटायचं का? वेगळी छाटणी लागत नाही. फूल तोडणं हीसुद्धा छोटी छाटणीच असते. खाली पाच पानांची दोन पानं ठेवून तोडलं की तिथूनच पुढचा दांडा निघतो.

सगळी झाडं एकाच दिवशी छाटू नका. तीन भाग करा, प्रत्येक भागात आठवड्याचं अंतर ठेवा. नाहीतर सगळा माल एकदम येईल आणि व्यापारी सांगेल त्या भावाला द्यावा लागेल. कितव्या दिवशी फूल आलं ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी तुमचं स्वतःचं कॅलेंडर तयार असेल.

पायरी ३ : पाण्यावरून झाडांची संख्या काढा

'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण शहापूर तालुक्याला नवीन नाही. भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. त्यामुळे ऑक्टोबरमधली विहीर बघून हिशोब करू नका, मे महिन्यातली बघा.

दोन ओळींत ३ फूट आणि दोन झाडांत २ फूट अंतर ठेवलं, वाट सोडली, तर १ गुंठ्यात साधारण १५० झाडं बसतात. कडक उन्हात झाडाला रोजचे ४ लिटर धरा. म्हणजे रोज ६०० लिटर पाणी. तुमची विहीर मेमध्ये घरचं भागवून एवढं देते का? नसेल तर ५० झाडं लावा, २०० लिटरमध्ये भागेल. ठिबक करा, बुंध्याशी भाताचा पेंढा अंथरा. अर्धमेल्या १५० झाडांपेक्षा तरारलेली ५० झाडं जास्त पैसे देतात.

पायरी ४ : पावसाचे चार महिने

आपल्याकडचा कोकणी पाऊस हीच गुलाबाची खरी परीक्षा. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांचा रोग पसरतो, पानं गळतात, झाड खराट्यासारखं होतं. म्हणून:

- लागवड उंच गादीवाफ्यावर, किमान ६ तास ऊन मिळेल अशाच जागी. मुळाशी पाणी साचता कामा नये.
- डाग पडलेली आणि गळालेली पानं गोळा करून बाहेर टाका. झाडं ओली असताना कात्री लावू नका.
- डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे जंगली असतो. तो मुळापासून ओढून काढा.
- फवारणी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला पानं दाखवूनच करा.

पायरी ५ : छाटणी आणि तोडणी

छाटणीआधी ८-१० दिवस पाणी तोडा. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढा. ४ ते ६ जोमदार फांद्या दीड ते दोन फुटांवर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरक्या कापा. कापावर बोर्डो पेस्ट लावा : १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. मिश्रण प्लास्टिकच्या भांड्यातच करा. हे चुकवलं तर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत येते.

मुख्य कळीच्या बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडा. बाहेरची एक-दोन पाकळी सैल होताच भल्या पहाटे तोडा आणि दांडा लगेच पाण्याच्या बादलीत ठेवा. एका लांबीच्या २० फुलांचा बंच बांधा. आखूड आणि लांब दांडे मिसळले, तर सगळ्याला आखूडचाच भाव मिळतो.

पैशाचं खरं चित्र

पाऊस ओसरल्यावर लावलेल्या रोपांच्या कळ्या पहिले तीन महिने खुडाव्याच लागतात, तरच झाडाचा सांगाडा तयार होतो. म्हणजे पहिल्या हंगामात कमाई जवळपास नाही. त्यानंतरही दरवर्षी पावसाळ्यात खर्च चालू आणि आवक बंद अशी स्थिती असते. हे चार महिने काढायला पैसे बाजूला नसतील, तर कर्ज काढून गुलाब लावू नका. आधी भाजी किंवा दुधाच्या जोडीने ५० झाडं सांभाळून बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. कल्याणच्या फूलबाजारात सलग तीन दिवस पहाटे जा. २० फुलांच्या बंचचा भाव दांड्याच्या लांबीनुसार लिहा.
२. जवळच्या दोन डेकोरेशनवाल्यांना विचारा : कोणत्या तारखांना, कोणता रंग, किती फुलं?
३. मेमध्ये घरचं भागवून विहीर रोज किती लिटर पाणी देते ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि त्याला ४ ने भागा. जो आकडा येईल, तेवढीच झाडं.

हे तीन आकडे वहीत आल्याशिवाय नर्सरीत पाऊल टाकू नका. भेटूया पुढच्या व्हिडिओत!