व्ह्यूफाइंडरमधला भंडारा

व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा कचरा फोटोत येत नाही. हे वाक्य मी सासवड-जेजुरीच्या पट्ट्यात इतक्या जणांना ऐकवलंय, की आता पोरं ते माझ्या आधी म्हणतात. तरी सोमवती अमावास्या झाली की कुणीतरी कॅमेरा गळ्यात अडकवून दारात उभा असतोच. "काका, आत काहीतरी काळं दिसतंय. जरा पुसून द्या ना." त्यातलं 'पुसून' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

डीएसएलआरला डोळा लावल्यावर जे दिसतं ते लेन्समधून आलेलं असतं. प्रकाश आत येतो, ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर वळतो आणि एका दुधी, पातळ पट्टीवर चित्र उमटतं. ती फोकसिंग स्क्रीन. तिच्या वर काचेचा प्रिझम असतो, स्वस्त बॉडीत त्याऐवजी आरशांची जुळणी, आणि शेवटी डोळ्याजवळची काच. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि प्रकाश सरळ मागच्या सेन्सरवर जातो. त्या क्षणी स्क्रीन वाटेतच नसते, मग तिच्यावरचा कण फोटोत उतरणार कुठून? सेन्सरवरच्या कणाचं नेमकं उलटं. तो फोटोत येतो, पण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही.

मग एवढासा कण एवढा मोठा का दिसतो? डोळ्याजवळचं भिंग त्या स्क्रीनवरच रोखलेलं असतं म्हणून. कण स्क्रीनवर असला तर काळाकुट्ट, रेखीव कडांचा दिसतो. आरशावर असला तर दिसतच नाही, किंवा अगदी पुसट. तेव्हा जे ठसठशीत दिसतंय ते बहुतेक वेळा स्क्रीनचंच असतं.

आता माझी कथा. सोमवतीला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा गडावर भंडारा कसा उधळतात ते पाहिलेल्याला सांगायला नको. हवाच पिवळी होते. हल्ली भंडारा म्हणून जे मिळतं त्यात निव्वळ हळद किती, हा वेगळा विषय. पण ती भुकटी मैद्याहून बारीक असते आणि झूमची नळी पुढंमागं केली की हवेबरोबर आत ओढली जाते. अशाच एका सोमवतीनंतर माझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये तीन-चार कण आले. मी दुर्लक्ष केलं. पुढं काही महिन्यांनी मोड बदलायची चकती अडकायला लागली म्हणून बॉडी पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे टाकली. दुकानाचं नाव घेत नाही. चिठ्ठीवर फक्त चकतीचं काम लिहिलं होतं.

चकती झकास झाली. शिवाय "साहेब, व्ह्यूफाइंडर पण साफ करून दिलाय, त्याचे पैसे नाही घेतले." डोळा लावला तर कण गायब, आणि त्यांच्या जागी उजव्या अर्ध्या भागावर पिवळसर धुकं. कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन पुसलं होतं. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये लगेच विरघळतो. कण तिथं पडून होता तोवर कण होता. स्पिरिट लागल्यावर त्याचा रंग झाला आणि काडीबरोबर पसरला. त्यात ही स्क्रीन काचेची नाही, बहुतेक बॉड्यांमध्ये प्लास्टिकची असते. तिचा एक पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला, दुसऱ्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक गोल वलयं. द्रव त्या खाचांत शिरतो, वाळतो आणि बसतो. कोरड्या कापडानं घासलं तर चरे पडतात, बोट लागलं तर तेलाचा ठसा. आधी ठिपके होते ते मेंदूला चुकवता येत होते. धुकं चुकवता येत नाही.

फोटो मात्र उत्तम येत होते. ऑटोफोकसही बिनचूक, कारण त्याचा प्रकाश मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून खाली, बॉडीच्या तळाशी असलेल्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. स्क्रीनशी त्याचा संबंध नाही. पण देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात हातानं फोकस करायचं म्हटलं की काही कळेना. शेवटी दुसरीकडे स्क्रीन बदलून घेतली. तिथं आणखी एक गंमत झाली. स्क्रीनच्या कडेला धातूच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात. सेन्सर आणि स्क्रीन ही दोन्ही लेन्सपासून अगदी सारख्या अंतरावर यावीत म्हणून कारखान्यात त्या मोजून घातलेल्या असतात. जोडताना त्यातली एक राहून गेली. व्ह्यूफाइंडरमध्ये नाकातली नथ स्पष्ट दिसायची आणि फोटोत कान स्पष्ट यायचा. तुमच्या बॉडीवर असा संशय असेल तर कॅमेरा तिपाईवर ठेवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून हातानं व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा आणि मग काहीही न हलवता लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघा. लाइव्ह व्ह्यू थेट सेन्सरवरून येतो, तो खोटं बोलत नाही.

तीन-चार ठिपक्यांपायी दोन दुकानं आणि एक अख्खा लग्नाचा हंगाम गेला. म्हणून आता कुणी कॅमेरा आणला की मी आधी ठिपका कुठं आहे ते शोधायला लावतो. लेन्स बदला. ठिपका गेला तर तो लेन्सचा. आयकपचं रबर काढून डोळ्याजवळची काच मऊ कापडानं पुसा. ती बाहेरची काच आहे, तिला पुसणं चालतं, आणि निम्म्या लोकांचं काम इथंच होतं, कारण घाम आणि पापण्यांचं तेल तिथंच साचतं. मग लेन्स काढून भिंतीकडे बघा. ठिपका तरीही तिथंच, तर तो स्क्रीनवर किंवा तिच्या वर. सेन्सरची शंका वेगळी मिटवायची: एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून मोकळ्या आभाळाचा मुद्दाम बिनफोकस फोटो काढा आणि मोठा करून तपासा. बॉडी सुरू-बंद करताना ती सेन्सरपुढची काच थरथरवते ना, ती सोय फक्त सेन्सरपुरती. ऑलिंपसनं २००३च्या ई-१मध्ये ती आणली आणि पुढं बहुतेकांनी घेतली, पण व्ह्यूफाइंडरच्या धुळीला तिचा काडीचा उपयोग नाही.

ठिपका स्क्रीनच्या खालच्या बाजूला असेल तर एकच हत्यार: रबरी फुग्याचा ब्लोअर. बॉडीचं तोंड जमिनीकडे, ब्लोअरचं टोक आत न घालता तोंडाशीच, दोन-तीन झटके. बस. निघाला तर निघाला. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात. दाबाच्या हवेचे डबे मिळतात ते तर लांबच ठेवा, डबा जरा तिरका झाला की आतला द्रव फवारला जातो आणि त्याचा डाग पडतो. जोरात हवा मारली की खालचा कण कडेच्या फटीतून स्क्रीन आणि प्रिझमच्या मध्ये जाऊन बसतो. मग तो उघडल्याशिवाय हाती लागत नाही. आरशालाही हात लावू नका. घरच्या आरशाचा मुलामा काचेमागे सुरक्षित असतो, याचा काचेच्या पुढच्या तोंडावरच असतो. एकदा पुसलात की ओरखडा कायमचा.

काही बॉड्यांची स्क्रीन मालकानं स्वतः बदलावी अशीच केलेली असते, कॅनन ६डी त्यातली. नव्या स्क्रीनबरोबर खास चिमटा मिळतो आणि स्क्रीनला धरायला एक इवलासा कान असतो. तुमच्या बॉडीच्या पुस्तिकेत हे लिहिलं असेल तरच करा. पुस्तिकेत नसताना कुणी चित्रफितीत स्क्रू उघडून दाखवतोय म्हणून करायचं, तर त्या माणसाला पट्ट्यांची काळजी किती, ते आधी बघा. निकॉनच्या डी९० किंवा डी७००० यांसारख्या बॉड्यांत तर व्ह्यूफाइंडरच्या वाटेत चौकटी आणि रेघा दाखवणारी पारदर्शक एलसीडीही असते. बॅटरी काढली की ती अंधारते. लोक त्यालाही मळ समजतात.

मी स्वतः आता काय करतो? गडावर चढताना जी लेन्स लावलेली असते ती घरी येईपर्यंत उतरत नाही. बॉडीला पारदर्शक पिशवी, पुढं रबरबँड, लेन्सवर यूव्ही फिल्टर. जमलं तर झूम टाळतो. घरी आल्यावर पिशवी अंगणातच काढायची आणि बॉडी रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडायची. ओलं फडकं लावलं की भंडाऱ्याचा लेप होतो आणि बटणांच्या फटीत शिरतो. हे सगळं झाल्यावरच लेन्स उघडायची, तोंड खाली करून. दिवे घाटात वारीच्या धुळीलाही हेच पथ्य. दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर "व्ह्यूफाइंडर, आरसा, सेन्सर यांना हात लावू नये" असं लिहून घेतो. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे.

मिररलेसवाल्यांना वाटतं आपण सुटलो. आरसा नाही, फोकसिंग स्क्रीन नाही, हे खरं. पण त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये इवलासा पडदा आणि त्यापुढं भिंग असतं, आणि मध्ये कण शिरला तर तो तितकाच मोठा दिसतो. मेनू उघडून बघायचं. मेनूच्या अक्षरांवरही ठिपका दिसला तर तो व्ह्यूफाइंडरचा, नाहीसा झाला तर सेन्सर नाहीतर लेन्सचा. तिथली बाहेरची काच सोडून काही पुसण्यासारखं नसतं. आणि कॅमेरा टेबलावर ठेवताना डोळ्याची बाजू उन्हाकडे नको. भिंगातून ऊन एकवटून तो पडदा भाजतो.

जुनी डीएसएलआर आता स्वस्तात मिळते. ती बघायला जाल तेव्हा व्ह्यूफाइंडरमधल्या ठिपक्यांवरून घासाघीस खुशाल करा, विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं की ते निरुपद्रवी आहेत. पण ठिपका एकही नाही आणि पांढऱ्या भिंतीकडे बघताना एका बाजूला पुसट पट्टा किंवा समांतर चरे दिसताहेत, तर आत कुणीतरी काडी फिरवलेली आहे. त्या बॉडीच्या किमतीतून नव्या स्क्रीनचा आणि ती बसवण्याचा खर्च वजा करा, आणि लाइव्ह व्ह्यूची परीक्षा तिथंच, त्याच्या समोर घ्या.