घटक ६ : बिनतारी जोडणीतील दोषाचा शोध आणि दोषवर्णनाचे लेखन

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –

• लिनक्स लॅपटॉपवरील वाय-फाय जोडणी कोणत्या टप्प्यांनी पूर्ण होते, हे सांगता येईल.
• जोडणी नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली आहे, हे क्रमाने तपासता येईल.
• निरीक्षण आणि अनुमान यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• तांत्रिक दोषाचे नेमके वर्णन मराठीत लिहिता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, दूरशिक्षण घेणाऱ्याचा वर्ग बहुधा घरातच भरतो. प्रवेश, परीक्षा अर्ज, सूचना, अभ्याससाहित्य यांचा मोठा भाग आता इंटरनेटवरून चालतो. चोपडा, यावल, साक्री किंवा शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी राउटरशी जोडला गेला नाही, तर जळगाव किंवा धुळे गाठण्यात दिवस मोडतो. कधी मुदतही टळते. अशा वेळी मदत करणारी व्यक्ती बहुधा दूर असते. तिच्यापुढे आपला लॅपटॉप नसतो, असतात फक्त आपले शब्द. म्हणूनच दोषवर्णन हा व्यावहारिक मराठीच्या अभ्यासाचा विषय ठरतो.

येथे लिनक्सचे उदाहरण घेण्यास कारण आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ज्यांवर चालू शकत नाही असे अनेक जुने लॅपटॉप लिनक्समुळे पुन्हा उपयोगात येतात. लिनक्स विनामूल्य मिळते आणि मराठी लेखनासाठी उत्तम चालते. परंतु जुन्या लॅपटॉपमधील वाय-फाय चिप आणि नव्याने बसवलेले लिनक्स यांचे पहिल्याच दिवशी जुळेल, याची खात्री नसते.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ‘नेट चालत नाही’ : एक वाक्य, अनेक अर्थ

‘नेट चालत नाही’ हे वाक्य बोलण्यात पुरेसे असते, लेखनात मात्र अपुरे पडते. पुढील पाच वाक्ये पाहा.

(अ) वाय-फाय सुरूच होत नाही.
(आ) यादीत आमच्या राउटरचे नाव दिसत नाही.
(इ) नाव दिसते, पण जोडणी होत नाही.
(ई) जोडणी होते, पण संकेतस्थळ उघडत नाही.
(उ) संकेतस्थळ उघडते, पण जोडणी मध्येच तुटते.

या पाच वाक्यांतील क्रियापदे वेगळी आहेत आणि त्यांमागील दोषही बहुधा वेगळे आहेत. नेमके क्रियापद निवडले, की शोधाचा अर्धा रस्ता सरतो. ‘बंद आहे’ आणि ‘बंद पडते’ यांतही असाच फरक आहे. पहिल्यात स्थिती आहे. दुसऱ्यात आधी चालू असण्याची व नंतर थांबण्याची घटना आहे.

६.३.२ जोडणीची साखळी

वाय-फाय जोडणी ही पाच दुव्यांची साखळी आहे असे समजा. पहिल्या दुव्यापासून क्रमाने तपासावे, एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम लिहून ठेवावा. तीन बदल एकदम केले आणि जोडणी सुरू झाली, तरी दोष कोणता होता हे कळत नाही. तो पुन्हा उद्भवला की शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो.

(पुढील आदेश ‘टर्मिनल’ या खिडकीत रोमन लघु अक्षरांत व रोमन अंकांत टंकित करावयाचे असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

दुवा १ : रेडिओ. वाय-फाय चिप हा एक लहान रेडिओ आहे. तो बंद असेल तर पुढचे काहीच घडत नाही. ‘आरएफकिल लिस्ट’ हा आदेश दिला असता वायरलेस लॅनच्या नोंदीखाली दोन ओळी दिसतात : ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’. पहिल्या ओळीपुढे ‘येस’ असेल तर रेडिओ आज्ञावलीने बंद केला आहे. ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ या आदेशाने तो सुरू होतो. दुसऱ्या ओळीपुढे ‘येस’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा कळफलकावरील विमानाच्या चित्राची कळ तपासावी. तेथे आदेशाचा उपयोग नाही. वायरलेस लॅनची नोंदच नसेल तर दोष बहुधा पुढच्या दुव्यात आहे.

दुवा २ : ड्रायव्हर आणि फर्मवेअर. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, चिपशी व्यवहार करण्यासाठी ड्रायव्हर लागतो. बहुतेक चिपना त्याखेरीज स्वतःची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, लागते. ‘एलएसपीसीआय उणे-के’ या आदेशाने चिपचे नाव कळते. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. यूएसबी खोबणीत लावलेल्या वाय-फाय उपकरणासाठी ‘एलएसयूएसबी’ हा आदेश वापरावा. ड्रायव्हर लागला असूनही रेडिओ चालत नसेल, तर ‘सुडो डीमेसेज’ने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत फर्मवेअर न सापडल्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

इंटेलच्या चिपसाठी लागणारे फर्मवेअर बहुतेक प्रचलित वितरणांत असते. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपसाठी मात्र स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो. उबंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी अतिरिक्त ड्रायव्हरची खिडकी आहे. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून (जून २०२३) असे मुक्त नसलेले फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-प्रतीत समाविष्ट केले; त्याआधी ते वेगळे मिळवावे लागे.

येथे एक पेच उभा राहतो : ड्रायव्हर आणण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. तो सोडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आपल्या खिशात असतो. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्सला मोबाइल हे तारेचे जाळे म्हणून दिसते. वाय-फायच्या ड्रायव्हरची त्याला गरज नसते. अर्जाची मुदत त्याच रात्री संपत असेल तर आधी या मार्गाने अर्ज भरावा आणि दोषाचा शोध दुसऱ्या दिवशी घ्यावा.

दुवा ३ : राउटरपर्यंतची पोहोच. रेडिओ चालू आहे, परंतु यादीत आपल्या राउटरचे नाव नाही, असे झाल्यास तीन शक्यता पाहाव्यात.

पहिली, अंतर आणि अडथळे. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात. पण त्यांच्या जाडीमुळे रेडिओलहरी क्षीण होतात. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत किंवा खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर लहरी अडवतो. त्यामुळे माघ महिन्यात आतल्या खोलीत येणारे वाय-फाय वैशाखात कूलर बसवल्यावर क्षीण झाले, तर दोष लॅपटॉपमध्ये असेलच असे नाही. लॅपटॉप राउटरच्या खोलीत नेऊन पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय.

दुसरी, पट्टा. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. ५ गिगाहर्ट्झ पट्टा अधिक वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतो. अनेक जुन्या चिपना तो ओळखताच येत नाही. एकाच जागी मोबाइलला राउटरचे नाव दिसते आणि लॅपटॉपला दिसत नाही, असे असल्यास राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ पट्टा सुरू आहे का, ते पाहावे.

तिसरी, वाहिनी. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात भारतात १ ते १३ या वाहिन्या वापरता येतात, अमेरिकेत सामान्यतः १ ते ११. लॅपटॉप अमेरिकेच्या नियमांनुसार चालत असेल आणि राउटर १२ किंवा १३ या वाहिनीवर असेल, तर दोघांची भेट होत नाही. राउटरला १, ६ किंवा ११ ही वाहिनी दिली की प्रश्न सुटतो.

नाव दिसते पण जोडणी होत नाही, तेव्हा साठवलेली जोडणी पुसून परवलीचा शब्द नव्याने टंकित करावा. कळफलक देवनागरीवर राहिला नाही ना, हेही पाहावे. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातून हे सहज घडते. राउटर केवळ ‘डब्ल्यूपीए-३’ या सुरक्षा पद्धतीवर असेल तर जुनी चिप त्याला जोडली जात नाही. अशा वेळी राउटरवर ‘डब्ल्यूपीए-२’ आणि ‘डब्ल्यूपीए-३’ यांची मिश्र पद्धत निवडावी.

दुवा ४ : पत्ता. जोडणी झाल्यावर राउटर लॅपटॉपला एक अंकीय पत्ता देतो. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ या आदेशाने तो दिसतो; घरगुती जाळ्यात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पत्ताच नसेल तर जोडणी तोडून पुन्हा करावी. तरी न मिळाल्यास राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. पत्ता असेल तर ‘आयपी रूट’ या आदेशातील ‘डिफॉल्ट’च्या ओळीत राउटरचा पत्ता मिळतो. ‘पिंग’ या आदेशापुढे तो लिहावा. उत्तर आले म्हणजे लॅपटॉप ते राउटर हा रस्ता मोकळा आहे.

दुवा ५ : बाहेरचा रस्ता आणि नावांची सूची. आता ‘पिंग ८.८.८.८’ हा आदेश द्यावा. हा गूगलच्या सार्वजनिक सेवेचा पत्ता आहे. राउटर उत्तर देतो पण येथून उत्तर येत नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, सेवादात्याच्या बाजूस असतो. येथूनही उत्तर येते, मात्र संकेतस्थळाच्या नावाला पिंग केल्यास नाव सापडत नाही, तर दोष नावांचे पत्ते सांगणाऱ्या ‘डीएनएस’ सेवेत आहे. दुकानात फोन करण्यापूर्वी या दोन चाचण्या केल्या, तर लॅपटॉप विनाकारण उघडला जाणार नाही.

या दुव्यात आणखी दोन गोष्टी येतात. सार्वजनिक ठिकाणचे वाय-फाय अनेकदा आधी नोंदणीचे पान दाखवते. ते भरेपर्यंत इतर पाने उघडत नाहीत. तसेच जुन्या लॅपटॉपमधील घड्याळाची बॅटरी संपली असेल तर दिनांक मागे जातो आणि सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची त्रुटी दाखवतात. अशा वेळी जोडणी निर्दोष असते; चुकलेला असतो तो दिनांक.

जोडणी मध्येच तुटत असेल, तर चिपची वीजबचत हे एक संभाव्य कारण असते. नेटवर्क मॅनेजरच्या व्यवस्थापन-फायलीत ‘वायफाय पॉवरसेव्ह’चे मूल्य २ केल्यास ही बचत बंद होते, ३ केल्यास सुरू होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

१. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असल्यास प्रथम काय तपासावे?
२. राउटरला केलेल्या पिंगला उत्तर येते, ८.८.८.८ कडून येत नाही. दोष बहुधा कोठे आहे?
३. वाय-फाय ड्रायव्हर नसताना तो आणण्यासाठी इंटरनेट कसे मिळवावे?

६.३.३ दोषवर्णनाचे लेखन

वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात घालवली. १९२६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या खंडांच्या नावातच एक शिस्त आहे : आधी साधने, मग निष्कर्ष. दोषवर्णनातही हीच शिस्त हवी. ‘राउटर खराब झाला आहे’ हे अनुमान आहे. ‘राउटरचा दिवा लाल आहे’ हे निरीक्षण आहे. मदत करणाऱ्याला आपले निरीक्षण हवे असते. चुकीचे अनुमान त्याला चुकीच्या दुव्याकडे नेते.

पुढील दोन नमुने ताडून पाहा.

नमुना १ : “महोदय, कालपासून माझे नेट चालत नाही. सर्व करून पाहिले. कृपया त्वरित उपाय सांगावा.”

नमुना २ : “महोदय, माझ्या लॅपटॉपवर काल लिनक्स मिंट २१.३ बसवले. तेव्हापासून वाय-फायच्या यादीत एकही नाव दिसत नाही. त्याच जागी मोबाइलला राउटर सापडतो. ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये वायरलेस लॅनची नोंद नाही. ‘एलएसपीसीआय’मध्ये ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२ हे नाव दिसते. यूएसबी टेदरिंगने इंटरनेट मिळते. याखेरीज मी काहीही बदललेले नाही. या चिपसाठी कोणता ड्रायव्हर बसवावा, हे कळवावे.”

पहिल्या नमुन्याला उत्तर म्हणून दहा प्रश्नच येतील. दुसऱ्या नमुन्याला एका ओळीत उत्तर देता येते : टेदरिंग चालू ठेवून मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बसवावा.

दुसऱ्या नमुन्यात पाच घटक क्रमाने येतात : साधन, घटना, तुलना, केलेल्या चाचण्या आणि विनंती. ‘सर्व करून पाहिले’ या वाक्याला माहितीचे मूल्य नाही, कारण ‘सर्व’ म्हणजे काय हे वाचणाऱ्याला कळत नाही. कर्ता लपवणारी वाक्येही टाळावीत. ‘सेटिंग बदलले गेले’ यापेक्षा ‘मी वाहिनी १३ वरून ६ केली’ हे वाक्य उपयोगी आहे. पडद्यावरील त्रुटीसंदेश जसाच्या तसा उतरवावा. त्याचे भाषांतर केल्यास शोधणे कठीण होते. परवलीचा शब्द मात्र कधीही लिहू नये.

६.४ सारांश

वाय-फाय जोडणी रेडिओ, ड्रायव्हर, राउटरपर्यंतची पोहोच, पत्ता आणि बाहेरचा रस्ता या पाच दुव्यांनी पूर्ण होते. दोष शोधताना पहिल्या दुव्यापासून जावे आणि एका वेळी एकच बदल करावा. नेमके क्रियापद, निरीक्षणावर आधारलेले विधान आणि केलेल्या चाचण्यांची नोंद यांमुळे दूरच्या व्यक्तीलाही मदत करणे शक्य होते.

६.५ पारिभाषिक शब्द

कर्नल : संगणक प्रणालीचा गाभा.
फर्मवेअर : उपकरणाच्या आत चालणारी आज्ञावली.
वाहिनी : रेडिओपट्ट्याचा ठरावीक भाग.
टेदरिंग : मोबाइलचे इंटरनेट दुसऱ्या साधनास देणे.
वितरण : कर्नल व इतर आज्ञावली एकत्र करून दिलेली लिनक्सची आवृत्ती.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. लॅपटॉपच्या कडेचे वाय-फाय बटण किंवा कळफलकावरील विमानाच्या चित्राची कळ.
२. राउटरच्या पलीकडे, सेवादात्याच्या बाजूस.
३. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी तारेने जोडून टेदरिंग सुरू करावे.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. निरीक्षण आणि अनुमान यांतील भेद प्रत्येकी तीन उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘जोडणी मध्येच तुटते’ या दोषाचे वर्णन पाच घटकांच्या आधारे १०० शब्दांत लिहा.
३. उपक्रम : घरातील तीन जागी लॅपटॉप ठेवून वाय-फायची तीव्रता नोंदवा. भिंती, कपाट, कूलर यांच्या स्थानासह या नोंदींचा एक पानी अहवाल तयार करा आणि अभ्यासकेंद्रातील समंत्रकांना दाखवा.

६.८ अधिक अभ्यासासाठी

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सविषयीचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. ते ऐकताना तांत्रिक संज्ञांसाठी निवेदक कोठे मराठी शब्द वापरतो आणि कोठे रूढ इंग्रजी शब्द तसाच ठेवतो, याची नोंद करा.