संगणकातील सृष्टी आणि जीवाचे सत्यत्व

दिसते ते जग खरे की आभास, हा विचार प्राचीन आहे. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा भावे यांनीही तो केला. शांकरमताने जगास ‘मिथ्या’ म्हटले. विनोबांनी त्या जागी ‘स्फूर्ती’ हा शब्द योजिला. १९५१ साली पोचमपल्लीहून ते भूमिहीनांसाठी जमीन मागत पायी निघाले. जगास मिथ्या न म्हणणाऱ्या विचाराशी ही पदयात्रा सुसंगतच होय.

आज तोच प्रश्न संगणकाच्या वेषाने आला आहे.

पूर्वपक्ष : निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ साली तीन विकल्प मांडिले. प्रगत समाज संगणकात सजीव सृष्टी रचण्याइतके समर्थ होण्यापूर्वीच बहुधा नष्ट होतात. अथवा समर्थ होऊनही ते तसे करीत नाहीत. अथवा आपणच बहुधा अशा कृत्रिम सृष्टीत आहोत. यांपैकी एक तरी खरा असलाच पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे. तिसराच खरा, असे नव्हे.

उत्तरपक्ष : या युक्तिवादात एक गोष्ट सिद्ध न करिता गृहीत धरिली आहे. ती ही की, योग्य गणना झाली म्हणजे जाणीव उपजते. हवामानखात्याचा संगणक कोकणच्या पावसाचे गणित करितो, म्हणून तो भिजत नाही. ज्ञान हे गणितासारखे की पावसासारखे, हाच वादाचा गाभा होय. आपल्या सिद्धांतात जीव अनादि आहे; तो कोणाच्या गणनेतून उत्पन्न होत नाही.

दुसरे, संगणकही कोठेतरी असावाच लागतो. त्यास द्रव्य लागते, ऊर्जा लागते. म्हणजे प्रपंच नाहीसा झाला नाही, एक पायरी मागे सरला. कार्यरूप प्रपंच अनित्य आहे खरा. परंतु अनित्य म्हणजे असत्य नव्हे.

तिसरे, अशा सृष्टीचा चालक असलाच, तरी त्यास परमेश्वर म्हणता येणार नाही. तो आपल्या अधिकारापुरती मर्यादित फळे देईल. त्याची तुलना फार तर देवतेशी होईल. बद्ध जीवास सोडविणे त्याच्या हाती नाही.

साधकाने एवढेच ध्यानी धरावे : जग कोणी कसेही रचिले असो, समोरच्या जीवाचे दुःख तो जीव खरोखर भोगीत आहे. म्हणून अहिंसेचे आचरण सैल होऊ देऊ नये. ‘हे सर्व खोटेच’ असे म्हणून जो दुसऱ्याची पीडा उपेक्षितो, तो ज्ञानी नव्हे, प्रमादी होय.