इंग्रजीतले ‘म्हणे’

इंग्रजी बातमीत ‘रिपोर्टेडली’ दिसले की समजा, लिहिणाऱ्याने ती गोष्ट दुसऱ्याकडून घेतली आहे. ‘अलेजेडली’ म्हणजे आरोप आहे, शाबीत झालेला नाही. ‘सपोजेडली’त अविश्वास डोकावतो, अगदी आपल्या ‘म्हणे’सारखा! ‘अ‍ॅपॅरंटली’ मात्र फसवे. ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला चालते, तसे ऐकीव गोष्टीलाही.

शास्त्रज्ञही असे शब्द जपून वापरतात. अंटार्क्टिकात १९८४ साली सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या एका अशनीत प्राचीन जीवांच्या खुणा असाव्यात, असे १९९६ मध्ये काहींनी सुचविले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘पॉसिबल’ होते. (हे विशेषण, पण काम तेच.) तो शब्द गाळून वाक्य पुन्हा वाचा: मंगळावर जीव होते! बहुतेक शास्त्रज्ञांना तो पुरावा आजही पुरेसा वाटत नाही.