याद्यांच्या बैठकीतच मांडा लग्नाचा हिशेब

सुपारी फुटली की दोन्ही घरं कामाला लागतात. कार्यालय ठरतं, बस्ता होतो, पत्रिका छापून येतात आणि खर्चाची बेरीज मात्र सगळं आटोपल्यावर केली जाते. तोवर ठेव मोडलेली असते किंवा शेतावर बोजा चढलेला असतो. ही बेरीज आधी करता येते. तालुक्याच्या गावात किंवा शहरात, कार्यालयात होणाऱ्या मध्यमवर्गीय लग्नासाठी पुढचा क्रम उपयोगी पडेल.

१. आधी रक्कम ठरवा

याद्या करायला बसाल तेव्हा पहिला प्रश्न हा ठेवा : कर्ज न काढता आपण किती रुपये घालू शकतो? नवरा-नवरीची स्वतःची बचत, दोन्ही घरांची शिल्लक, एवढंच धरा. आहेरात येणारं पाकीट जमेत धरू नका. खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्या. मुलीकडच्यांनीच लग्न लावून द्यायचं, हा रिवाज आता सोडायला हवा. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘तुमच्या मुलीलाच द्या’ म्हणून मागितलेली गाडी हाही हुंडाच. एकूण रकमेतला दहावा हिस्सा राखीव ठेवा आणि त्याला शेवटच्या आठवड्यापर्यंत हात लावू नका.

२. माणसं मोजा

लग्नाचा खर्च माणसांच्या आकड्यावर चालतो. कार्यालय केवढं, पानं किती, गाड्या किती, पत्रिका किती, सगळं त्यावरून ठरतं. दोन्ही घरांनी एकाच वहीत नावं लिहावीत आणि त्यांचे तीन गट करावेत : ज्यांच्याशिवाय लग्न होणार नाही ते, ज्यांचं येणं-जाणं आहे ते, आणि ज्यांनी आपल्याला बोलावलं होतं म्हणून बोलवायचं ते. तिसऱ्या गटाला लग्नानंतर घरी चहाला बोलवा. सवडीने दोन शब्द बोलणंही होईल.

३. कप्पे पाडा

समजा हातात ५ लाख रुपये आहेत आणि पाहुणे २५० आहेत. दागिने यात धरलेले नाहीत. भाव गावागणिक बदलतील, तुमचे आकडे तुम्ही घाला. मांडणी अशी होईल :

- राखीव : ५०,०००
- कार्यालय, वीज, साफसफाई : ८०,०००
- मुहूर्ताचं जेवण, २५० पानं, दर ४०० : १,००,०००
- आदल्या रात्रीचं जेवण, ६० पानं, दर २५० : १५,०००
- सकाळचा नाश्ता, १५० जण, दर ८० : १२,०००
- बस्ता आणि मानपान : ९०,०००
- फोटो आणि व्हिडिओ : ४५,०००
- सजावट : ३५,०००
- वाहनं : ३०,०००
- मेंदी, मेकअप : २०,०००
- गुरुजींची दक्षिणा, पूजेचं साहित्य, हार : १८,०००
- पत्रिका : ५,०००

आता या मांडणीत ५० पाहुणे कमी करून पाहा. एकट्या मुहूर्ताच्या जेवणातले २०,००० वाचतात. फुलांच्या कमानीवर घासाघीस करून एवढे सुटत नाहीत.

४. तारीख आणि कार्यालय

ऐन लग्नसराईतल्या रविवारी कार्यालयं अडून बसतात. त्याच महिन्यातला मंगळवार-बुधवारचा मुहूर्त घेतला तर भाडं कमी करून मागता येतं. गोरज मुहूर्त धरला की सकाळचा नाश्ता वाचतो आणि एका जेवणात कार्य उरकतं. स्वागत समारंभ वेगळ्या दिवशी ठेवू नका. त्यात दुसरं कार्यालय, दुसरी पंगत, दुसरे कपडे असा तिहेरी खर्च आहे.

इसार देण्याआधी इतकं विचारा : ताबा किती ते किती वाजेपर्यंत? वीज मीटरप्रमाणे की भाड्यात? जनरेटरचं डिझेल कोणाचं? बाहेरचा आचारी आणि सजावटवाला चालतो का, चालत असेल तर त्याचे वेगळे पैसे घेता का? अनामत कधी परत मिळेल? तारीख बदलली तर इसाराचं काय? उत्तरं पावतीवर लिहून घ्या.

५. जेवण

पान महाग होतं ते पदार्थांच्या संख्येने. वरण-भात, मसालेभात, पुरी, दोन भाज्या, कोशिंबीर, तळण, मठ्ठा आणि एकच गोड पदार्थ; यात कोणी उपाशी उठत नाही. चाट, चायनीज, आइस्क्रीमचे वेगवेगळे स्टॉल लावले की दर चढतो आणि मुख्य जेवण उरतं. केटररशी किमान किती पानांचे पैसे द्यायचे, त्यावरच्या पानाचा दर काय आणि पानं कोण मोजणार, हे आधी ठरवा. मोजायला घरचा एक माणूस उभा करा. कमी पानं सांगून वाढीव पानांचा दर बांधून घेणं, जास्त सांगून अन्न टाकण्यापेक्षा कधीही बरं. उरलेलं अन्न कुठे पोचवायचं, तेही आदल्या दिवशीच ठरवा.

६. बस्ता आणि मानपान

इथे हिशेब सर्वांत लवकर सुटतो, कारण मोजणारं कोणी नसतं. टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, मानाच्या साड्या या बहुतेक वेळा कपाटातून पुढच्या लग्नात जातात. दोन्ही विहिणींनी बसून एक ओळ लिहावी : मान फक्त सख्ख्यांचा, बाकी कोणाकडून घेणं नाही, कोणाला देणं नाही. हे दोन्हीकडून एकदम जाहीर झालं की रुसवा राहत नाही. शालू पुन्हा नेसता येईल असाच घ्या. नवऱ्यामुलाची शेरवानी भाड्याने मिळते. आईची पैठणी नव्या ब्लाउजवर शोभून दिसते.

७. सोनं

सोन्याचा कप्पा वेगळा ठेवा. दागिन्याच्या किमतीत सोन्याचा भाव, घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी असतो. भाव सगळीकडे जवळपास सारखा, घडणावळीत मात्र मोठा फरक असतो. म्हणून दोन-तीन पेढ्यांत घडणावळच विचारा. खड्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, हे पाहा. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. जुनं सोनं मोडण्याआधी त्याची शुद्धता यंत्रावर तपासून घ्या.

८. वही एकाच्या हाती

पैसे देणारा एकच माणूस नेमा. प्रत्येक कप्प्यापुढे ठरलेले, दिलेले, उरलेले असे तीन रकाने आखा. एक कप्पा वाढला तर दुसरा तेवढाच कमी करा. कोणालाही पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका; फोटोवाल्याचा शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावर.

९. नोंदणी

ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेत तीन साक्षीदार नेऊन लग्नाची नोंद करा. याहून साधा मार्ग हवा असेल तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करता येतो : आधी नोटीस, ३० दिवसांची मुदत, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. साध्या लग्नाची महाराष्ट्राला नवलाई नाही. पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ला, कोणताही बडेजाव न करता लागला.

लोक काय म्हणतील, या धाकाने कर्ज काढू नका. लोक जेवून घरी जातात, हप्ते मात्र नव्या जोडप्याच्या पहिल्या वर्षावर बसतात. वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे : याद्यांच्या बैठकीत ‘आम्हांला एवढंच झेपेल’ हे वाक्य तुम्ही उच्चारा. मुलांना ते बोलणं जड जातं.