प्रवाळांच्या टाकीतील लवणता

प्रश्न : प्रवाळांच्या घरगुती टाकीत रिफ्रॅक्टोमीटर आणि हायड्रोमीटर वेगवेगळी लवणता दाखवतात. कोणते वाचन ग्राह्य धरावे?

उत्तर : लवणता म्हणजे एक किलो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे ग्रॅममधील प्रमाण, आणि प्रवाळांसाठी ते खुल्या समुद्राइतके, सुमारे ३५, राखणे इष्ट असते. रिफ्रॅक्टोमीटर ती वक्रीभवनावरून, म्हणजे पाण्यात शिरताना प्रकाशकिरण किती वळतो त्यावरून, सांगतो. मात्र बाजारातील अनेक नमुन्यांची मोजपट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असल्याने ३५ लवणतेचे समुद्रजल त्यावर सुमारे ३६.५ दिसते, आणि तो आकडा ३५ वर आणू पाहणारा पाणी नकळत पातळ करत जातो. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवल्याने हा दोष दूर होत नाही. म्हणून ३५ लवणतेच्या प्रमाणित द्रावणावरच जुळणी करावी. ते नसल्यास ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून, त्या द्रावणाचे वाचन ३५ वर आणावे. हायड्रोमीटर पाण्याची सापेक्ष घनता मोजतो, जी २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.०२६४ असावी, परंतु काट्याला चिकटलेला एखादा बुडबुडाही वाचन वाढवत असल्याने, जुळणी केलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवरच भिस्त ठेवणे योग्य.